आठवण रुजते तेव्हा चेतापेशीचा आकार नेमका कुठे बदलतो? डेंड्राइटवरचे काटे: मापं, कृती आणि नेहमीच्या चुका

काजळरेघ (धागाकर्ती)

"शिकताना मेंदूत नव्या जोडण्या तयार होतात" हे वाक्य आता शाळेच्या पुस्तकापासून पालकसभेतल्या भाषणापर्यंत सगळीकडे भेटतं. वाक्य खोटं नाही. पण काय तयार होतं, केवढं, किती वेळात, आणि ते कशानं मोजलं, असं विचारलं की पुढे कुणी बोलत नाही. मराठीत तर याबद्दल फारच थोडं लिहिलं गेलंय. म्हणून हा धागा. ज्यांचा हात या कामात बसलेला आहे त्यांनी आकडे आणि कृती मोकळेपणानं द्याव्यात.

सुरुवात डेंड्राइटवरच्या, म्हणजे चेतापेशीच्या संदेश घेणाऱ्या फांदीवरच्या, स्पाइनपासून करू. पाठीच्या कण्याशी गल्लत नको म्हणून मी त्याला काटा म्हणते. सान्तियागो रामोन इ काहाल यांनी १८८८ मध्ये कोंबडीच्या अनुमस्तिष्कात ते पाहिले आणि स्पॅनिशमध्ये काटे याच अर्थाचा शब्द वापरला. तेव्हा अनेकांना ती गॉल्जी पद्धतीतली, म्हणजे चांदीच्या क्षारानं पेशी काळ्या करण्याच्या रीतीतली, चांदीची घाण वाटली होती. काहालनी १८९६ मध्ये मेथिलिन ब्लू या अगदी वेगळ्या रंगानं तेच काटे दाखवले, तरी वाद रेंगाळला. १९५९ मध्ये ग्रे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काट्याच्या डोक्यावर सिनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधा, दाखवला आणि विषय मिटला.

तेलाच्या भिंगाखाली पिरॅमिडल पेशीची फांदी कशी दिसते ते डोळ्यांसमोर आणा. मधाच्या रंगाची पार्श्वभूमी, त्यावर काळीभोर फांदी, आणि तिच्या दोन्ही कडांना दर मायक्रॉनला एक-दोन बोंडं. काही बोंडांना लांब बारीक देठ, काही अळंबीसारखी मोठ्या डोक्याची, काही देठाशिवाय फांदीला चिकटलेली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काट्याची लांबी बहुधा २ मायक्रॉनच्या आत असते आणि देठाची जाडी साधारण ५० ते २०० नॅनोमीटर. डोक्याचं आकारमान मात्र ०.०१ पासून ०.८ घन मायक्रॉनपर्यंत जातं, म्हणजे एकाच फांदीवर शेजारी बसलेल्या दोन काट्यांत कित्येक पटींचा फरक असू शकतो.

या फरकातच सगळं आहे. डोकं जेवढं मोठं, तेवढा त्यावरचा सिनॅप्सचा दाट पट्टा, म्हणजे पीएसडी, रुंद. पट्टा रुंद तेवढे ॲम्पा रिसेप्टर, म्हणजे ग्लुटामेट हा निरोप्या रेणू पकडणारी प्रथिनं, जास्त, आणि तेवढा तो सिनॅप्स जोरकस. आकार पाहून जोराचा अंदाज बांधता येतो, आणि म्हणूनच पेशीची रचना आणि शिकणं ही एकाच प्रश्नाची दोन टोकं आहेत.

एक विनंती. या धाग्यात "काटे वाढले" असं मोघम कुणी लिहू नये. संख्या वाढली, डोकं फुगलं की काटा जास्त दिवस टिकला, हे सांगा. तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि तिन्हींची मोजमापं वेगळी आहेत.

सदाफुली

उत्तम विषय. मी रेणूंच्या बाजूनं एका काट्यातला घटनाक्रम लिहिते.

सिनॅप्सवर ग्लुटामेट सुटतं. ॲम्पा रिसेप्टर उघडतात, पडद्याचा विद्युतदाब चढतो. एनएमडीए रिसेप्टरच्या तोंडाशी बसलेला मॅग्नेशियम आयन त्या दाबानं बाहेर ढकलला जातो, आणि मग कॅल्शियम आत शिरतं. ग्लुटामेट आणि चढलेला दाब दोन्ही एकाच वेळी असतील तरच हे घडतं. देठ बारीक असल्यामुळे कॅल्शियम त्या एका डोक्यात कोंडून राहतं, शेजारच्या काट्यात फारसं सांडत नाही. देठाचं काम हेच.

कॅल्शियम सेकंदाच्या छोट्याशा भागात ओसरतं. तोवर कॅमकेटू हे एन्झाइम चालू झालेलं असतं. त्याचा २८६ क्रमांकाचा थ्रिओनिन फॉस्फेटयुक्त झाला की कॅल्शियम गेल्यावरही ते थोडा वेळ चालू राहतं. ही एकच जागा बदललेल्या उंदरांत एलटीपी (सिनॅप्सचा जोर दीर्घकाळ वाढणं) होत नाही आणि त्यांना जागा लक्षात ठेवायला शिकता येत नाही. पण एकट्या काट्यात मोजलं तेव्हा कॅमकेटू साधारण मिनिटभरातच शांत होताना दिसलं. पुढचा भार ऱ्होए आणि सीडीसी४२ या प्रथिनांवर पडतो, ते अर्धा तास आणि त्याहून जास्त चालू राहतात.

यांच्या हाताखाली ॲक्टिन. काट्याचा सांगाडा ॲक्टिनच्या धाग्यांचा असतो आणि तो स्वस्थ बसलेला नसतो. एरवीसुद्धा त्यातलं बहुतेक ॲक्टिन मिनिटाच्या आत बदललं जातं. कोफिलिन धागे तोडतं, एआरपी२/३ तोडलेल्या धाग्यांना फाटे फोडतं, आणि डोकं फुगतं.

मात्सुझाकी, कासाई आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे एकेका काट्यावर करून दाखवलं. रासायनिक पिंजऱ्यात बांधलेलं ग्लुटामेट द्रावणात सोडायचं आणि दोन-फोटॉन लेसरनं ते फक्त एका काट्याच्या टोकाशी मोकळं करायचं, पुन्हा पुन्हा, मिनिटभर. काटा काही मिनिटांत दुप्पट-तिप्पट होतो, मग थोडा आक्रसतो, आणि अर्ध्या तासानंतरही मूळ मापापेक्षा बराच मोठा राहतो. हे छोट्या काट्यांत टिकतं. मोठे काटे क्षणभर फुगून परत जागेवर येतात. म्हणून छोटे काटे शिकण्यासाठी आणि मोठे लक्षात ठेवण्यासाठी, अशी मांडणी झाली.

एक गोष्ट हमखास सुटते. डोकं लगेच फुगतं, पण पीएसडीची प्रथिनं त्या गतीनं येत नाहीत. पीएसडी-९५ आणि होमर यांची वाढ दिसायला तासाच्या आसपास लागतो, आणि ज्या काट्यांत ती होते तेच मोठे राहतात. दहाव्या मिनिटाला मोजून "सिनॅप्स वाढला" लिहिलं तर तुम्ही फक्त सूज मोजलेली असते.

तळ्यातमळ्यात

सदाफुली, छान लिहिलंत. उलट दिशाही असते ना? काटे लहान होणं?

सदाफुली

असते. त्याच एनएमडीए रिसेप्टरमधून कॅल्शियम कमी प्रमाणात पण जास्त वेळ आलं की फॉस्फेट काढणारी एन्झाइमं चालू होतात, कॅल्सिन्युरिन त्यातलं मुख्य. स्लाइसमध्ये (मेंदूच्या जिवंत ठेवलेल्या कापात) नेहमीची कृती म्हणजे १ हर्ट्झनं विजेचे ९०० ठोके, १५ मिनिटं. ॲम्पा रिसेप्टर आत ओढले जातात, कोफिलिन मोकळं सुटतं, काटा आक्रसतो, काही गळून पडतात. सबलीकरणासाठी १०० हर्ट्झ एक सेकंद, किंवा थीटा पद्धत: १०० हर्ट्झनं ४ ठोक्यांची झुंड, अशा झुंडी सेकंदाला ५. फरक आहे तो फक्त ठोक्यांच्या मांडणीत.

नीलमोहर

वाचनखूण साठवली. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी उंदरांच्या दोन गटांत हिप्पोकॅम्पसचे, म्हणजे आठवणींशी जोडलेल्या भागाचे, काटे मोजायचे आहेत. दोन-फोटॉन वगैरे काही नाही, साधा प्रकाश सूक्ष्मदर्शक आणि गॉल्जी-कॉक्स, म्हणजे गॉल्जीचीच पाऱ्याच्या क्षाराची रीत. प्रमाणासकट कृती कुणी देईल का? स्लाइडवर काळे खडे येतात आणि काही फांद्या काट्यांशिवाय गुळगुळीत दिसतात, याची कारणंही हवी आहेत.

भिंगवाला

नीलमोहर, आधी दोन गोष्टी. एक, प्राणी-नीती समितीच्या परवानगीत ऊतीचा हा वापर लिहिलेला असू द्या. दोन, मर्क्युरिक क्लोराइड जहाल विष आहे. पूड तोलण्यापासून शेवटच्या धुण्यापर्यंत हातमोजे, धूरपेटी, आणि टाकाऊ द्रावणासाठी वेगळा डबा. बेसिनमध्ये एक थेंबही जाता कामा नये.

द्रावणं तीन, प्रत्येक ५ टक्के, डिस्टिल्ड पाण्यात: पोटॅशियम डायक्रोमेट, मर्क्युरिक क्लोराइड, पोटॅशियम क्रोमेट. मर्क्युरिक क्लोराइड गार पाण्यात विरघळायला वेळ घेतं, पाणी कोमट करा. २४० मिली हवं असेल तर डायक्रोमेट ५० आणि मर्क्युरिक ५० एकत्र करा. दुसऱ्या भांड्यात क्रोमेट ४० आणि पाणी १००. आता पहिलं मिश्रण दुसऱ्यात हळूहळू ओता, ढवळत राहा. क्रम उलटू नका. गडद बाटलीत ४-५ दिवस अंधारात ठेवा. तळाशी लालसर गाळ बसेल. वरचं नितळ द्रावण गाळून घ्या आणि बाटली अजिबात हलवू नका. तुमच्या काळ्या खड्यांचं पहिलं कारण इथेच असतं: गाळ वर येऊन ऊतीवर बसतो. दुसरं कारण धातू. चिमटा, चमचा, झाकण, काहीही धातूचं द्रावणाला लागू देऊ नका. काच आणि प्लास्टिकच वापरा.

मेंदू ताजा हवा. रक्त डिस्टिल्ड पाण्यात भरकन धुवायचं आणि मेंदू लगेच द्रावणात. मोठ्या उंदराचा मेंदू अख्खा टाकलात तर गाभ्यापर्यंत द्रावण पोचत नाही, ५ ते १० मिलिमीटरचे तुकडे करा. एका मेंदूला किमान २० मिली. २४ तासांनी द्रावण बदलायचं, मग १४ दिवस अंधारात, खोलीच्या तापमानाला. त्यानंतर ३० टक्के साखरेच्या द्रावणात, एकदा बदलून, तुकडा तळाशी बसेपर्यंत. त्याला २ ते ५ दिवस लागतात. ही साखर म्हणजे सुक्रोज, प्रयोगशाळेतलं.

व्हायब्रेटोमवर (थरथरत्या पात्याच्या यंत्रावर) १०० ते २०० मायक्रॉनचे काप, तबकात ६ टक्के सुक्रोज. काप जिलेटिन लावलेल्या काचेवर घ्या, ओलसर टिपकागदानं हलकेच दाबा. अंधारात वाळू द्या, पण कडक होऊ देऊ नका, तडे जातात आणि तडा नेमका तुम्हाला हव्या त्या फांदीतून जातो.

मग पाणी १ मिनिट, अमोनियम हायड्रॉक्साइड ३० मिनिटं अंधारात, पाणी १ मिनिट, फोटोग्राफीचा फिक्सर ३० मिनिटं अंधारात, पुन्हा पाणी. अल्कोहोल ५०, ७०, ९५ टक्के एकेक मिनिट, १०० टक्के तीनदा पाच-पाच मिनिटं, झायलीन १५ मिनिटं, डीपीएक्स (काप काचेखाली बंद करणारं चिकट द्रव्य), काचझाकण. काप जाड आहे, डीपीएक्स सढळ हातानं घाला आणि स्लाइड आडवी ठेवूनच आठवडाभर वाळवा. उभी ठेवलीत तर झाकण घसरतं.

गुळगुळीत फांद्यांबद्दल. पेशीत बसलेला पाऱ्याचा क्षार आधी फिका असतो, अमोनियानं तो काळा होतो. अमोनियाची बाटली जुनी असेल, वारंवार उघडलेली असेल, तर ताकद उडून गेलेली असते. मग जाड फांद्या दिसतात, काटे दिसत नाहीत. बाटली नवी आणा, आधी तेवढंच बदलून पाहा. तरीही तेच झालं तर द्रावणातले दिवस कमी पडले. सगळी पार्श्वभूमीच तपकिरी झाली असेल तर दिवस जास्त झाले किंवा रक्त नीट धुतलं गेलं नाही.

आडवाट

भिंगवाला, +१. एक भर: दोन्ही गटांचे मेंदू एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या द्रावणात पडले पाहिजेत. नियंत्रित गट सोमवारच्या द्रावणात आणि प्रयोगाचा गट पुढच्या महिन्याच्या द्रावणात, असं झालं की पुढची सगळी आकडेमोड वाया. मग तुम्ही रंगाचा फरक मोजत बसता.

काजळरेघ

मोजणीबद्दलही लिहा कुणीतरी. घोडं तिथेच पेंड खातं.

भिंगवाला

लिहितो. १०० एक्स तेल-भिंग, एनए (भिंगाची प्रकाश गोळा करायची क्षमता) १.३ किंवा १.४. हिरव्या प्रकाशात याचं आडवं वियोजन, म्हणजे दोन ठिपके वेगळे दिसायची मर्यादा, सुमारे पाव मायक्रॉन, खोलीकडचं त्याहून दुप्पट-तिप्पट वाईट. याचे दोन थेट परिणाम आहेत.

पहिला: फांदीच्या डाव्या-उजव्या कडेचे काटेच दिसतात. वर आलेले आणि खाली गेलेले फांदीच्या काळ्या सावलीत लपतात. म्हणून तुमचा आकडा खऱ्या घनतेपेक्षा कमीच येणार, आणि जाड फांदीवर तो आणखी कमी येणार. प्रबंधात "दिसणाऱ्या काट्यांची घनता" असं लिहा आणि फांदीची जाडी दोन्ही गटांत मोजून द्या. फांदी एका गटात जाड झाली असेल तर काटे तेवढेच राहूनही संख्या घटलेली दिसेल.

दुसरा: देठ ५० ते २०० नॅनोमीटरचा, आणि भिंगाची मर्यादा त्याच्या वर. आखूड देठाचा काटा हमखास ठेंगणा, बिनदेठाचा दिसतो. याहून बारीक दाखवणाऱ्या स्टेड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर अशा कित्येक ठेंगण्यांना देठ निघाला. तेव्हा प्रकाश सूक्ष्मदर्शकावरून "अळंबी ३२ टक्के, ठेंगणे २१ टक्के" असे तक्ते करण्यात फार जीव नाही. संख्या द्या, डोक्याची रुंदी द्या, तिथे थांबा.

कुठे मोजायचं ते आधी ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. हिप्पोकॅम्पसच्या सीए१ भागातली, शिखर बाजूची, दुसऱ्या-तिसऱ्या फाट्याची फांदी. पेशीकायेपासून पहिले ४०-५० मायक्रॉन सोडा, तिथे काटे विरळच असतात. तुकडा २० ते ३० मायक्रॉनचा, अख्खा एका पातळीत राहणारा, दुसऱ्या फांदीला न छेदणारा. पेशी पूर्ण रंगलेली हवी. मध्येच तुटलेली फांदी घेऊ नका.

आडवाट

आणि मादी उंदीर असतील तर ऋतुचक्राची नोंद. वूली, गूल्ड आणि मॅकयुएन यांनी १९९० मध्ये दाखवलंय की उंदराच्या चार-पाच दिवसांच्या चक्रात सीए१मधली काट्यांची घनता ३० टक्क्यांच्या आसपास वरखाली होते, आणि ती घसरण एका दिवसात होते. तुमच्या प्रयोगाचा परिणाम १५ टक्के असेल तर तो या लाटेत बुडून जाईल. नुसते नर घ्या हा सोपा उपाय झाला, पण मला तो पटत नाही. माद्या घ्या, रोज योनिस्रावाची तपासणी करा, चक्राचा टप्पा लिहा.

तळ्यातमळ्यात

गॉल्जी म्हणजे मेलेल्या ऊतीचा एकच क्षण. त्यातून "शिकल्यामुळे बदल झाला" असं म्हणणं उडी मारण्यासारखं आहे. जिवंत प्राण्यात तोच काटा आज आणि महिन्यानं पाहिलाय का? आणि माझ्या वाचनात दोन टोकाचे आकडे आलेत, एकीकडे प्रौढ मेंदूत काटे जवळपास कायमचे, दुसरीकडे निम्मे महिन्यात बदलतात.

काजळरेघ

दोन्ही शोधनिबंध २००२चे, एकाच अंकातले. पेशींमध्ये पिवळं किंवा हिरवं चमकणारं प्रथिन तयार करणारे उंदीर, आणि कवटीतल्या खिडकीतून दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शकानं तीच फांदी पुन्हा पुन्हा पाहणं, ही पद्धत दोन्हीकडे. ग्रुत्झेंडलर आणि गान यांच्या गटाला प्रौढ उंदराच्या दृष्टी-बाह्यकात (बाह्यक म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर) महिन्याभरात सुमारे ९६ टक्के काटे जागेवर दिसले. ट्रॅक्टेनबर्ग आणि स्वोबोडा यांच्या गटाला मिशांच्या बाह्यकात निम्म्याच्या आसपासच महिनाभर टिकलेले दिसले.

भाग वेगळा, वयही वेगळं, पण मोठा वाद झाला तो खिडकीवरून. पहिल्या गटानं कवटी घासून पातळ केली होती, दुसऱ्यानं हाड काढून काच बसवली होती. २००७ मध्ये दोन्ही पद्धती एकमेकींशी ताडून पाहिल्या तेव्हा हाड काढलं होतं तिथे ग्लिया, म्हणजे आधार देणाऱ्या पेशी, चेतलेल्या आणि काट्यांची उलाढाल जास्त दिसली. म्हणजे पाहण्यासाठी केलेली शस्त्रक्रियाच काटे हलवू शकते.

आज दोन्ही पद्धती चालतात, आपापल्या अटींवर. पातळ करताना हाड २० ते ३० मायक्रॉनवर थांबवायचं, ड्रिल थांबूनथांबून, मध्येमध्ये गार सलाइन घालून, कारण उष्णता खाली झिरपते. त्याहून पातळ केलंत तर हाड दबून बाह्यकाला धक्का बसतो. ही खिडकी पुन्हापुन्हा घासताही येत नाही. काचेच्या खिडकीत ड्युराला, म्हणजे मेंदूवरच्या आवरणाला, ओरखडा नको, आणि २ ते ३ आठवडे थांबल्याशिवाय पहिलं चित्रच घ्यायचं नाही. घाई झालेल्या प्रयोगांचे आकडे तिथेच फसतात.

मोजताना फांदीच्या कडेपासून ०.४ मायक्रॉन बाहेर आलेलाच काटा धरतात. दोन दिवसांच्या चित्रांत जागा ०.७ मायक्रॉनहून जास्त सरकली तर जुना गेला, नवा आला. उलाढाल म्हणजे आलेले अधिक गेलेले, भागिले दोन्ही दिवसांच्या एकूण काट्यांची बेरीज.

आता तुमचा मूळ प्रश्न. २००९ मध्ये उंदरांना फटीतून पंजा घालून दाणा उचलायला शिकवलं. शिकवल्यापासून तासाभरात विरुद्ध बाजूच्या चालक-बाह्यकात (हालचाल ठरवणाऱ्या भागात) नवे काटे उगवलेले दिसले. पुढच्या दिवसांत जुने काही गळाले आणि एकूण संख्या परत पूर्वीच्या आसपास आली. पण प्रशिक्षणात उगवलेले काटे इतर नव्या काट्यांपेक्षा जास्त टिकले. आता याच प्राण्यांचा मेंदू दोन महिन्यांनी गॉल्जीत टाकला असता तर? संख्येत फरक शून्य. शिकणं झालंय, रचनाही बदललीय, आणि मोजणीत काहीच नाही. मी सुरुवातीला तीन मोजमापं वेगळी ठेवा म्हटलं ते याचसाठी.

सदाफुली

आणि स्लाइसवाल्यांसाठी इशारा. मेंदू गार करून काप घेतले की थंडीत काटे कमी होतात, आणि परत उबेत आणले की पूर्वीपेक्षा जास्त उगवतात. हॅरिस यांच्या गटानं हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं मोजलंय. काप केल्यावर तासाभरात प्रयोग सुरू केलात तर "नवे काटे" कापण्यामुळे आलेत की एलटीपीमुळे, सांगता येणार नाही. दोन-तीन तास सावरू द्या, आणि त्याच कापात न चेतवलेली जागा तुलनेला ठेवा.

त्याच गटाच्या २०११च्या कामात प्रौढ सीए१मध्ये एलटीपीनंतर दोन तासांनी छोटे काटे कमी झाले होते आणि उरलेल्यांचे सिनॅप्स मोठे. फांदीच्या लांबीमागे सिनॅप्सचं एकूण क्षेत्रफळ मात्र जवळपास तेवढंच. जणू फांदीला ठरावीक शिधा आहे आणि तो फिरवून वाटला गेला.

तळ्यातमळ्यात

मान्य. पण मग काटा हीच आठवण, की आठवण होताना सोबत झालेला बदल? दोहोंत मोठं अंतर आहे.

आडवाट

यावर दोन प्रयोग शेजारी ठेवून वाचावेत, दोन्ही २०१५चे.

हायाशी-ताकागी आणि कासाई यांच्या गटानं असं प्रथिन बनवलं की ते नुकत्याच सबल झालेल्या काट्यांतच जमतं आणि निळा प्रकाश पडला की तो काटा आक्रसतो. उंदीर फिरत्या दांड्यावर तोल सांभाळायला शिकले. मग चालक-बाह्यकावर निळा प्रकाश. शिकलेलं गेलं. त्याच भागात दुसऱ्या कसरतीनं सबल झालेले काटे आक्रसवले, तेव्हा दांड्यावरचं शिकणं शाबूत राहिलं. म्हणजे प्रकाशानं सरसकट नुकसान झालं नव्हतं. तेच काटे लागत होते.

दुसरीकडे तोनेगावा यांच्या गटात रायन आणि सहकाऱ्यांनी भीतीच्या आठवणीत भाग घेणाऱ्या, हिप्पोकॅम्पसमधल्या डेंटेट गायरसच्या पेशी खुणावल्या. शिकल्यावर लगेच ॲनिसोमायसिन देऊन प्रथिननिर्मिती थांबवली. त्या पेशींवर एरवी वाढणारे काटे वाढले नाहीत, आणि उंदीर त्या पिंजऱ्यात घाबरेनात. पण त्याच पेशी प्रकाशानं थेट चेतवल्या तेव्हा भीती परत आली.

माझं मत: यातून काटे बिनकामाचे ठरत नाहीत. बाहेरच्या खुणेवरून आठवणीपर्यंत पोचायची वाट काट्यांच्या जोरावर उभी असते, आणि कोणत्या पेशी कोणत्या पेशींना जोडल्यात हा नकाशा जोर कमी झाला तरी काही काळ उरतो. पहिल्या प्रयोगात वाट मोडली, दुसऱ्यात वाट न वापरता थेट घरात उतरले.

सदाफुली

यात अक्षतंतूची, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या तंतूची, बाजू विसरायला नको. कॅन्डेल यांच्या ॲप्लिशिया गोगलगाईत एका संवेदी पेशीला सुमारे १३०० टोकं असतात. दीर्घकालीन संवेदनशीलता शिकवल्यावर ती २७००च्या घरात जातात, आणि दीर्घकाळ सवय लावून प्रतिक्रिया बोथट केली तर ८५०पर्यंत उतरतात. तिथे संख्येचा हिशेब अगदी सरळ लागतो. सस्तन प्राण्यांच्या बाह्यकात तो तसा सरळ लागेल अशी अपेक्षा ठेवली की गोंधळ होतो.

नीलमोहर

झोपेचं काय? झोपेत काटे वाढतात असंही वाचलं आणि घटतात असंही.

काजळरेघ

दोन्ही बरोबर, मोजमाप वेगळं. २०१४चं काम: दांड्यावर शिकवल्यानंतर झोपू दिलेल्या उंदरांत ठरावीक फांद्यांवर नवे काटे जास्त उगवले. इथे मोजलं ते नव्या काट्यांचं उगवणं. २०१७ मध्ये द व्हिवो, चिरेली आणि तोनोनी यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं उंदराच्या बाह्यकातले ६९२० सिनॅप्स मोजले. झोपेनंतर सिनॅप्सचं संपर्क-क्षेत्रफळ जागेपणापेक्षा सरासरी सुमारे १८ टक्के कमी. पण सगळ्यांत मोठे, साधारण पाचवा हिस्सा, आहेत तसेच राहिले. मोठे जपले गेले, बाकीचे थोडेथोडे छाटले गेले, आणि झोपेतच काही फांद्यांवर नवे फुटले. बागेत छाटणी आणि फुटवा एकाच हंगामात होतात तसं.

आडवाट

"काटे जास्त म्हणजे मेंदू तल्लख" या समजालाही उत्तर देऊन ठेवतो. बेंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये सुमंत्र चट्टर्जी यांच्या गटानं उंदरांना रोज दोन तास, दहा दिवस, हालता येणार नाही असं ठेवलं. हिप्पोकॅम्पसच्या सीए३ भागात डेंड्राइट आक्रसले, आणि ॲमिग्डालात, म्हणजे भीतीशी जोडलेल्या भागात, उलट फांद्या वाढल्या. पुढच्या कामात एकदाच दोन तास ताण दिला, दहा दिवसांनी ॲमिग्डालात काट्यांची घनता वाढलेली होती आणि उंदीर जास्त भित्रे झालेले. ही वाढ म्हणजे भीतीची शिकवण. फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक आजारातही काटे लांब, सडपातळ आणि पुष्कळ असतात, पण पक्व होत नाहीत. कुठल्या भागात, कुठल्या आकाराचे, हे कळल्याशिवाय नुसत्या संख्येवरून भलंबुरं ठरवता येत नाही.

तळ्यातमळ्यात

लंडनच्या टॅक्सीचालकांचा हिप्पोकॅम्पस वाढतो म्हणतात, तोही काट्यांचाच पुरावा धरायचा का?

भिंगवाला

धरू नये. मॅग्वायर यांच्या २०००च्या कामात चालकांचा मागचा हिप्पोकॅम्पस मोठा आणि पुढचा लहान दिसला. २०११ मध्ये ७९ उमेदवारांचा आधी-नंतर अभ्यास झाला, त्यातले ३९ परीक्षा उत्तीर्ण झाले आणि वाढ त्यांच्यातच दिसली. काम पक्कं आहे. पण एमआरआयचा ठिपका साधारण घन मिलिमीटरचा. माणसाच्या बाह्यकाच्या तेवढ्याच तुकड्याची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं केलेली मांडणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात सुमारे ५७,००० पेशी आणि १५ कोटी सिनॅप्स निघाले. ठिपका किंचित मोठा झाला तर त्यात काटे, ग्लिया, रक्तवाहिन्या, मायलिन (तंतूंवरचं वेष्टण), यांतलं काय वाढलं ते चित्रावरून ओळखता येत नाही. मायलिन तर खास: २०१४ मध्ये रिचर्डसन यांच्या गटानं प्रौढ उंदरांत नवं मायलिन बनणं थांबवलं, तेव्हा त्यांना विषम दांड्यांच्या चाकावर नीट धावायला शिकताच आलं नाही. काट्यांपलीकडेही रचना बदलते.

नीलमोहर

खूप आभार सगळ्यांचे. शेवटचं: गटात ८ उंदीर, प्रत्येकी ६ पेशी, प्रत्येक पेशीचे ५ तुकडे. म्हणजे गटात २४० तुकडे. टी-चाचणीत एन, म्हणजे नमुन्यांची संख्या, २४० धरायचा ना?

भिंगवाला

नाही. एन ८. एका उंदराचे ३० तुकडे एकमेकांची भावंडं आहेत, त्यांना स्वतंत्र साक्षीदार धरलंत तर पी-मूल्य खोटं लहान येतं. प्रत्येक उंदराची एक सरासरी काढून ८ विरुद्ध ८ तुलना करा, किंवा तुकडा पेशीत, पेशी उंदरात, असं मिश्र प्रतिमान बसवा.

आणि मोजणी सुरू करण्याआधी स्लाइडवरचे गटाचे क्रमांक दुसऱ्या कुणाकडून कागदी पट्टीनं झाकून घ्या. पट्टीवर नवा सांकेतिक आकडा, किल्ली त्या व्यक्तीच्या कपाटात. पहिल्या २० तुकड्यांची मोजणी आठवड्यानं पुन्हा करा, जुने आकडे न पाहता. दोन्ही वेळच्या मोजणीत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडत असेल तर काटा कशाला म्हणायचं हे अजून पक्कं झालेलं नाही, ०.४ मायक्रॉनचा नियम पट्टीवर लिहून सूक्ष्मदर्शकाला चिकटवा आणि पुन्हा पहिल्या स्लाइडपासून सुरू करा.